संशय की साखर

मी जात्याच संशयी. बटाटेवाला वजनात काटा मारतो, केस कापणारी बाई मुद्दाम वाकडं कापते, असं मला कायम वाटतं. त्यात लहानपणापासून मधुमेह. रक्तातली साखर उतरली की मी अख्ख्या जगावर उखडते. त्यामुळे मी कसलीही शंका काढली की माझ्या सायकल संघातल्या पोरी खिदळतात, "ही डेर्ली नाही, तिची साखर बोलतेय!"

त्या रविवारी आमच्या बोयाका प्रांतातल्या घाटात सायकल शर्यत होती. पहिली येईल ती राष्ट्रीय संघात जाणार होती. आमच्या संघानं माझ्यासाठी राबायचं, म्हणजे वारा अडवत मला पुढे न्यायचं ठरलं होतं; संघातल्या सुल्मानंसुद्धा. शर्यतीच्या सकाळी न्याहारीला मी इन्सुलिन अर्धंच टोचते, कारण चढावर साखर आपसूक उतरते. पण आमचे प्रशिक्षक, प्रोफे एलिएसेर, माझ्या ताटात मक्याची जाड भाकरी, आरेपा, वाढत म्हणाले, "आज इन्सुलिन पूर्ण घे ग पोरी. सुरुवात संथ आहे, साखर चढून बसेल."

मला ते खटकलं. "प्रोफे, असं आजवर कधी केलं नाही आपण."

"झालं हिचं सुरू! आधी खा, मग भांड."

सगळ्या हसल्या. मी पूर्ण टोचलं.

घाटाच्या पहिल्याच वळणावर सुल्मा माझ्या शेजारून सुसाट सुटली. माझ्यासाठी राबणारी ती! मी रेडिओवर ओरडले, "प्रोफे, ही कुठं चाललीय? आणि माझं गुळाचं पाणी घेऊन संघाची गाडी का येत नाही?"

"आधी साखर बघ."

दंडावरच्या सेन्सरचा आकडा हँडलवर दिसतो. साठ, आणि बाण खाली. हातही थरथरत होते. म्हणजे साखरच बोलत होती, प्रोफेंचंच खरं! मी पाय टेकला आणि खिशातल्या पेरूच्या वड्या तोंडात कोंबल्या. पुढच्या पोरी धुक्यात दिसेनाशा झाल्या. सुल्मासारख्या मुलीवर संशय घेतला म्हणून माझी मलाच लाज वाटली. मनातल्या मनात मी तिची माफीसुद्धा मागितली.

हळूहळू आकडा चढला. हात थांबले, डोकं निवळलं. संशय मात्र जागचा हलेना.

शर्यत सुल्मानं जिंकली. फुलांसकट तिनं मला मिठी मारली. "रागावू नकोस ना, डेर्ली. पहिल्याच वळणावर सूट, असं प्रोफेंनीच सांगितलं. म्हणाले, डेर्ली आज चढावर टिकायची नाही."

"कधी म्हणाले?"

"काल. जेवताना."

पूर्ण इन्सुलिन तर मी आज सकाळी टोचलं होतं, तेही त्यांच्याच सांगण्यावरून.

प्रोफे गाडीत बाटल्या भरत होते. मी सायकल त्यांच्यापुढे आडवी घातली. "मी टिकणार नाही, हे तुम्हाला कालच कसं कळलं?"

पोरी गोळा झाल्या. प्रोफे मायेनं म्हणाले, "साखर बघ, बाळा. तुला बरं नाहीये."

मी हँडल त्यांच्याकडे वळवलं. एकशे एकवीस. बाण आडवा, स्थिर.

"बघितली. आता तुम्ही बोला."

प्रोफेंनी आकड्याकडे पाहिलं, मग नजर चुकवून डिकीत वाकले. सुल्मानं हातातली फुलं रस्त्याच्या कडेला ठेवून दिली.