समुद्रही लंगडत होता

पैज लागली ती ओरेस्तेसच्या दारातल्या डॉमिनोच्या टेबलावर, आणि ती मीच लावली. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

"सतरा तारखेला ओंदिना रिंकोनला, संत लाझारोच्या देवळात जाणार, गुडघ्यांवर," ओरेस्तेस सोंगट्या घुसळत म्हणाला.

ओरेस्तेसनं जन्मभर बस चालवली. आता रिटायर झालाय, पण बोलताना अजून माणसाकडे बघत नाही, समोर रस्त्याकडे बघतो. ओंदिनामावशी त्याच्या भिंतीला भिंत लावून राहते. सत्तरी ओलांडलेली. तिचे गुडघे कसे आहेत ते सगळ्या गल्लीला माहीत, कारण ती पावाच्या रांगेत उभी राहिली की पुढचे-मागचे दोघं आपणहून बाजूला होऊन तिला टेकायला भिंत देतात.

"गुडघ्यांवर?" मी म्हणालो. "तिला धड पायांवर चालता येत नाही."

"नातीच्या पायासाठी. ती मोंतेविदेओतली पोरगी लंगडते म्हणे."

"अरे मग थांबव ना तिला कुणीतरी."

"तू थांबव. तुला तर सगळं जमतं."

तो हे अशा काही आवाजात म्हणाला की माझी जीभ घसरलीच. म्हटलं, "ती जाणार नाही. लाव पैज."

"हरलास तर?"

"तू सांग."

त्यानं रस्त्याकडे बघत एक सोंगटी उचलून मांडली. मग म्हणाला, "डामारिसचा गाऊन घालायचा. तो गुलाबी, फुलाफुलांचा. डोक्याला रोलर लावायचे. आणि मी सांगेन तिथे, दिवसाउजेडी, चारचौघांत फिरायचं. मी हरलो तर मी घालतो."

डामारिस माझी बायको. ती आमच्या दारातूनच म्हणाली, "रोलर कशाला लावणार? त्याच्या डोक्यावर केस असायला हवेत ना."

ओरेस्तेस म्हणाला, "जाळी लाव वहिनी. जाळीला अडकव."

हात मिळवले. मी खूश होतो. ओरेस्तेसच्या त्या ढेरीवर गुलाबी गाऊन कसा ताणला जाईल ते मला आत्ताच दिसायला लागलं होतं.

माझा धंदा सांगतो. दर आठवड्याला मालिका, सिनेमे, गाणी असं सगळं भरलेलं पाकीट एका मोठ्या डिस्कवर माझ्याकडे येतं आणि आमचं सबंध गाव, सांतियागो दे लास वेगास, माझ्या ओट्यावर मेमरी कार्डं घेऊन उभं राहतं. नुसतं भरून दिलं तर मी पोटाला काय खाणार, ते कुणीही देतं. माझ्याकडे लोक येतात ते त्यांच्या त्यांच्या फोनवर चालेल असं करून देतो म्हणून. कुणाचा फोन मावसभावानं मायामीहून पाठवलेला, कुणाचा चौथ्या हातातला, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. प्रत्येकाची पचनशक्ती वेगळी. सगळ्यांना एकच ताट वाढून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेलो. नव्या मालिका आल्यात, कार्ड द्या, असा बहाणा केला.

"मालिका नकोत मला," ती म्हणाली. डोळे सुजलेले. कोपऱ्यात म्हाताऱ्या संत लाझारोची मूर्ती, कुबड्या घेतलेली, पायाशी दोन कुत्री, पुढे पाण्याचा पेला आणि विझलेला चिरूट. "बस. कॉफी करते."

"तुमच्या नातीचा, मेलानीचा व्हिडिओ आलाय म्हणे."

तिनं आधी कॉफी केली. मग एप्रनच्या खिशातून फोन काढला. तिची मुलगी यामिल्का चार वर्षांपूर्वी उरुग्वेला, मोंतेविदेओला गेली, पोर तिकडेच झाली. मावशीनं तिला अजून हात लावलेला नाही. कुणी सामान घेऊन येणारा असला की यामिल्का त्याच्या खिशात एक मेमरी कार्ड घालून देते.

"बघ," मावशी म्हणाली आणि स्वतः दुसरीकडे बघायला लागली.

पोरगी किनाऱ्यावर चालत होती. पाऊल टाकलं, थबकली. मग एकदम झटका बसल्यासारखी पुढे, एक पाय मागे ओढल्यासारखा. पुन्हा थबकली. आईचा आवाज मात्र खळाळत पुढे निघून गेलेला: "आजीला टाटा कर," आणि पोरीचा हात बऱ्याच वेळानं, तोही अडखळत, वर.

"यामिल्काला विचारलंत?"

"विचारलं. म्हणते, आई, ती ठणठणीत आहे. नवरा सोडून गेला तेव्हाही ती हेच म्हणाली होती, मी ठणठणीत आहे. सहा महिन्यांनी मला बाहेरून कळलं."

मी पुन्हा लावला. या वेळी पोरीकडे बघितलंच नाही. तिच्या मागून एक कुत्रा गेला, तो लंगडत होता. एक सायकलवाला गेला, त्याची सायकल लंगडत होती. लाट आली, अर्ध्यावर थांबली, मग एकदम वाळूवर येऊन आदळली. मोंतेविदेओचा सगळा समुद्र लंगडत होता.

मला हसू आवरेना. कॉफी नाकातून यायची बाकी राहिली.

मावशी म्हणाली, "हसतोस काय मेल्या?"

"काही नाही मावशी. हे कार्ड उद्यापर्यंत माझ्याकडे राहू द्या."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मला चमत्कार करून दाखवायची खुमखुमी. शिवाय सांगून तिनं ऐकलं नसतं. फोन वाईट आहे म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, यामिल्कानं तुलापण पढवून ठेवलंय.

गोष्ट साधी होती. यामिल्काचा फोन नवा कोरा. तो सेकंदाला साठ चित्रं काढतो, तीही भिंतीएवढी. मावशीच्या फोनला एवढं गिळताच येत नाही. चार घास गिळतो, ठसका लागतो, दहा घास टाकून देतो आणि पुढे पळतो. आवाज हलका, तो आपला निघून जातो. करायचं एवढंच, चित्रं निम्मी करायची, आकार तिच्या पडद्यापुरता आणायचा, आणि तिच्या फोनला समजेल अशा जुन्या पद्धतीनं बांधून द्यायचं.

साधी गोष्ट, पण माझा कॉम्प्युटरही आता म्हातारा झालाय. लावला आणि खुर्चीत बसलो. पट्टी हळूहळू भरत शेवटाला आली आणि लाइट गेली.

डामारिस अंधारातून म्हणाली, "गाऊन धुऊन ठेवू का?"

लाइट आली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मी शहाणा झालो, व्हिडिओचे तुकडे केले आणि एकेक करून काढले, म्हणजे गेली तर एकच तुकडा जाईल. मग जोडले. जोडून बघतो तर पोरगी सरळ चालतेय, पण मी आकार इतका कमी केलेला की तोंड घेवड्याच्या दाण्याएवढं. आजीला नातीचं नाक दिसायला नको? सगळं पुन्हा केलं. चित्रं आणखी थोडी कमी, तोंड मोठं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एक तसलाच फोन पडून होता, त्यावर लावून बघितलं. समुद्र नीट आला, नीट गेला. कुत्र्याचे चारही पाय जाग्यावर.

सकाळी मी कार्ड मावशीच्या फोनमध्ये घातलं, फोन तिच्या हातात दिला आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकलो, जादूगार टेकतात तसा.

मेलानी चालली. मग पळायला लागली, तेही आम्हाला आधी दिसलंच नव्हतं. ती वाळूत पळत होती आणि एका खड्ड्यात धप्पकन बसून हसत होती. आईनं टाटा कर म्हटलं आणि हात त्याच शब्दाला वर आला.

मावशीनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला. पुन्हा लावला. पुन्हा लावला. बोटानं पडद्यावर पोरीचा पाय चाचपला. मग उठली, लाझारोच्या पेल्यातलं पाणी बदललं, त्याच्यासाठी चिरूट पेटवला, आणि कपाटातून गोणपाटाचा शिवलेला झगा काढून खिडकीत झटकायला लागली.

"हे काय?" मी म्हणालो.

"नवस फेडायला नको?"

"कसला नवस? आता मागायला काय राहिलं?"

"मागायला कोण जातंय? तिचा पाय सरळ झाला तर तुझ्या दारात गुडघ्यांवर येईन, असं बोलले होते मी. झाला ना सरळ."

म्हणजे मी हात हलवला नसता, घरी बसून नुसत्या मालिका भरल्या असत्या, तर ही कुठे जाणार नव्हती.

"मावशी, पाय आधीपासून सरळच होता."

"मग वाकडा का दिसत होता?"

"फोनमुळे. फोन जुना आहे."

"आणि नीट कुणी केला?"

"मी."

"तुला कुणी पाठवलं?"

आता पैजेनं पाठवलं हे कसं सांगणार.

"बघ," ती म्हणाली. "लाझारोकडे काय आहे, दोन कुत्री आणि दोन कुबड्या. जो मिळेल त्याच्याकडून काम करून घेतो बिचारा."

मी तडक ओरेस्तेसकडे. तो दारात बसून समोर बघत होता.

"तुला नवस माहीत होता."

"भिंत पातळ आहे," तो म्हणाला. "लाझारोशी ती मोठ्यानं बोलते."

"आणि फोनचं?"

"माझ्या फोनवर बेसबॉल असाच दिसतो. पिचर चेंडू टाकायला हात उचलतो, आणि एकदम सगळे पळत असतात. तिला म्हटलं मी हे. नाही पटलं."

"मग मला सरळ सांगायचंस ना, अमुक व्हिडिओ करून दे म्हणून."

"सांगितलं असतं तर उद्या करतो म्हणाला असतास. तुझा उद्या मला माहीत आहे. माझ्या मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ तुझ्याकडे आहे, त्याचा घटस्फोट झाला."

"आणि तिचे गुडघे?"

पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे बघितलं. "रोज रडायची रे ती. गुडघ्याला मलम तरी लावता येतं."

मलाच टोपी घालणारा माणूस गल्लीत निघावा, आणि वर त्याचं म्हणणं बरोबर असावं, हे जरा जडच गेलं. तेवढ्यात तो पुन्हा रस्त्याकडे वळून म्हणाला, "गाऊन सतरालाच. रिंकोनला. तिकडे माणसं बरीच असतात."

सतराला सकाळी आम्ही तिघं निघालो. मावशी गोणपाटात, ओरेस्तेस हातात पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन, आणि मी गुलाबी फुलांत, डोक्यावर जाळी, जाळीला रोलर. बसमध्ये मला जागा मिळाली. एका शाळकरी मुलानं उठून दिली.

रिंकोनचा रस्ता तुडुंब भरलेला. कुणी पाठीवर सरपटतोय, कुणी पायाला दगड बांधून ओढतोय, पोरं लाझारोच्या जांभळ्या कपड्यांत, चिरुटांचा धूर. देवळाच्या वाटेवरच्या दवाखान्याची भिंत सुरू होते तिथे मावशी गुडघ्यांवर बसली. मी झाडाची फांदी तोडली आणि तिच्यापुढचे खडे झाडायला लागलो. कुणीतरी ते करावंच लागतं, आणि ओरेस्तेसला वाकता येत नाही.

तो लोकांच्या तोंडाकडे बघत होता. कधी हसतात याची वाट बघत होता. कुणी हसेना. लोक वाट सोडत होते. एका बाईनं माझ्या रोलरना हात लावून तो कपाळाला लावला आणि हळूच विचारलं, "तुमचा मोठा नवस दिसतो. काय झालं होतं?"

"माझी बायको," मी म्हणालो, "फार कडक आहे."

तिनं माझ्यासाठी छातीवर क्रॉसची खूण केली आणि पुढे गेली. ओरेस्तेसचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"ही पैज फेडलेली धरायची नाही," तो म्हणाला. "इथे कुणाला काही वाटतच नाही."

"जागा तू निवडलीस."

थोडं गेलो आणि मावशी थांबली. डाव्या गुडघ्याच्या गोणपाटावर ओला लाल डाग. ओठ आवळलेले. मी खाली बसलो.

"मावशी, पुरे. एवढंही पोचतं त्याला."

"दारात येईन म्हटलंय मी."

"मग आम्ही दोघं उचलून दारापाशी ठेवतो, तिथून दोन पावलं करा."

"फसवायचं होय? तुझ्यासारखं?"

हिला इथून न्यायचं कसं? चौथ्या पावलाला गुडघा दुमडला तर ती कायमची खाटेवर. आणि उठ म्हटलं तर उठणार नाही. मी फांदी घेऊन बसून राहिलो, आणि ओरेस्तेसनं छत्री उघडून तिच्यावर धरली.

मावशी बाटलीतलं पाणी प्यायली. दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "किती वेळात येईन ते नाही बोलले मी," ती म्हणाली. "त्याला कुठे बस गाठायचीय?"

आणि ती रस्त्याच्या कडेला भिंतीला पाठ लावून, पाय पसरून ऐसपैस बसली.

मग तसंच चाललं. चार पावलं, आणि बैठक. चार पावलं, आणि बैठक. मला वाटलं होतं गाऊन अर्धा तास घालायचा. दुपार कलली तरी मी गाऊनमध्येच, आणि दार अजून लांब. प्रत्येक बैठकीला ती झग्यातून फोन काढायची आणि शेजारी जो असेल त्याला दाखवायची. पायाला दगड बांधलेल्या माणसानं बघितलं, जांभळ्या पोरांनी बघितलं, दोन नन्सनी बघितलं. मेलानी पळत होती, खड्ड्यात बसत होती, टाटा करत होती, कुठेही अडखळत नव्हती.

"यानं केलं," मावशी माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. तो दगडवाला मला न्याहाळत राहिला, मग खिशातून फोन काढून म्हणाला, "भाऊ, माझ्या मुलाचा व्हिडिओ आहे, स्पेनहून आलाय. तोपण असाच थांबत-थांबत चालतो."

"दाखवा," मी म्हणालो, आणि फांदी काखेत मारून चष्मा शोधायला गाऊनच्या खिशात हात घातला. खिशातून डामारिसचा चिमटा निघाला. वाऱ्यानं गाऊन वर उडाला आणि खाली माझे केसाळ पाय, मोजे, बूट सगळ्या रिंकोनला दिसले. एक रोलर सुटून दगडवाल्याच्या दगडावर पडला आणि टणाटण उड्या मारत उतारावरून पळाला. मी त्याच्यामागे.

मागून हसण्याचा आवाज आला. ओंदिनामावशी हसत होती. व्हिडिओ आल्यापासून गल्लीत कुणी तिला हसताना बघितलं नव्हतं. भिंतीला डोकं टेकून, तोंडावर हात न घेता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिच्यामुळे जांभळी पोरं हसायला लागली, मग नन्स, मग तो बाप पायातला दगड धरून, आणि मग सगळा रस्ता. ओरेस्तेस छत्री धरून उभा होता, ती छत्री गदगदा हलत होती.

"आता धरली," तो म्हणाला.

मी रोलर हातात घेऊन वर आलो आणि वाकून नमस्कार केला, चारी दिशांना.

"झालं तुझं?" मावशी डोळे पुसत गुडघ्यांवर आली. "मग पुढे झाड."