उन्हात ठेवलेला लिफाफा

"बगिच्यात संत्र्याचा तोडा लागला, मजूर दारात येऊन बसले, आन आमी चाललो अकोल्याले मेलेल्या मानसाईचे लिफाफे पाहाले," मनकर्णाबाई पुटपुटल्या. कारच्या मागच्या सीटवर त्यांचा खांदा सरोजिनीच्या खांद्याला टेकलेला होता, म्हणून ते तेवढं तिलाच ऐकू गेलं. "जिते असते त त्याईनं चहा तरी पाजला असता."

एरवी सरोजिनी हसली असती. मनकर्णाबाईंच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून ती दर वर्षी टपालाच्या प्रदर्शनाला जाताना पुढची सीट आपणहून सोडायची. आज मात्र ती खिडकीबाहेर बघत राहिली. बडनेरा मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशी उभी होती आणि पुढच्या सीटवर मनकर्णाबाईंचे यजमान नत्थुजी गाडी चालवणाऱ्या वकीलसाहेबांना, म्हणजे सरोजिनीच्या नवऱ्याला, अमेरिकेच्या रेल्वेची गोष्ट सांगत होते. वकीलसाहेबांनी ती पूर्वी अनेकदा ऐकलेली होती. अशिलाचं ऐकावं तसं ते मान डोलवत ऐकत होते.

नत्थुजी चांदूर बाजारचे. संत्र्याचा बगिचा, काळं रान, आणि छंद असा की पाहुण्यांना आधी समजावून सांगावा लागे. ते अमेरिकेचं जुनं टपाल गोळा करायचे. तिकडे पश्चिमेला नुसतं माळरान होतं, घोडागाडीतून टपालाच्या थैल्या जायच्या, मग रूळ आले आणि धावत्या डब्यात उभं राहून कारकून पत्रं लावू लागले, त्यावर शिक्के मारू लागले, त्या काळातले लिफाफे. पुतण्या किशोर तिकडे नोकरीला होता, तो जुन्या बाजारातून शोधून धाडायचा. "आपल्या वऱ्हाडात रेल्वे कावून आली?" नत्थुजी विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. "तिकडं अमेरिकेत भाऊबंदकी झाली, लढाई जुंपली, त्याईचा कापूस अडला. मंग विलायतेले आपल्या कापसाची आठवन झाली. म्हंजे त्याईचा आन आपला संबंध जुना हाय. सोयरीकच समजा."

सरोजिनी लहानपणापासून तिकिटं जमवत होती. पाण्यात भिजवून, सोलून, वहीत चिकटवून. नत्थुजींनी तिची ती सवय पहिल्याच भेटीत मोडली. "वकिलीनबाई, तिकीट म्हंजे निस्ता नवरदेव. लिफाफ्यात सारी वरात असते. कोठून निंगाली, कोठी थांबली, कोनं आडवली. तुमी वरातीतून नवरदेव उचलून आनता आन घरी बसवता." तेव्हापासून ती त्यांची चेली झाली. पुस्तकं मागवून, शब्दकोशात बोट घालून ती इंग्रजी शिक्के वाचायला शिकली. नवरा कोर्टात, मुलगा पुण्यात, आणि दुपारभर जेवणाच्या टेबलावर कॅन्सासचं माळरान.

यंदा भाद्रपदात नत्थुजी स्वतः अमरावतीला आले होते आणि त्यांनी आपला सगळ्यात लाडका लिफाफा तिच्या हातात ठेवला होता. रूळ जिथवर पोचले तिथे तंबूंचं गाव वसायचं, आणि रूळ पुढे सरकले की गावही तंबू गुंडाळून पुढे सरकायचं. तसल्या गावातून कुणा मजुराने बायकोला धाडलेला तो लिफाफा होता. आतलं पत्र केव्हाच हरवलेलं. पण कोपऱ्यात धावत्या टपालडब्याचा लंबगोल शिक्का होता, जांभळ्या शाईचा, जांभळासारखाच टपोरा. "प्रदर्शनाचं पान यंदा तुमीच लावा," नत्थुजी म्हणाले होते. "मले जरासं धुरकट दिसून राह्यलं."

धुरकट. हा शब्द टपाल जमवणाऱ्या सगळ्या मंडळाने त्यांच्याकडून उचलला होता. नत्थुजींच्या डोळ्यांत काचबिंदू आहे असं नागपूरच्या डॉक्टरांनी मनकर्णाबाईंना सांगितलं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही असंही. ते मनकर्णाबाईंनी सरोजिनीला सांगितलं, सरोजिनीने अकोल्याला प्रदर्शन भरवणाऱ्या सहदेव सरांना, सरांनी बाकीच्यांना. पण नत्थुजींसमोर सारे धुरकटच म्हणायचे. त्यांना लिफाफा दाखवताना आपसूक मोठ्याने वर्णन करायचे, जणू आपलीच वाचायची हौस.

मग खंडेनवमी आली.

वकिलाच्या घरातली खंडेनवमी म्हणजे कायद्याच्या पुस्तकांची चळत, त्यावर पेन, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, खाली पाटावर विळी आणि शिवणयंत्राचं चाक. सरोजिनीने आपलं भिंग आणि चिमटाही मांडला. आपल्या हत्याराची पूजा आपण नाही करायची तर कुणी करायची? प्रदर्शनाचं पान आदल्या दिवशी लावायला घेतलेलं, लिफाफा पारदर्शक पिशवीतून बाहेर काढलेला, तोही पानासकट पाटावर ठेवला. नत्थुजींचं काम आपल्या हातून नीट होऊ दे, एवढाच भाव. मग ओल्या हळदीत बोट बुडवून ती सुरू झाली. पुस्तकाला, पुस्तकाला, पेनाला, लॅपटॉपला, किल्लीला, विळीला, भिंगाला. चोवीस वर्षांच्या संसाराने त्या बोटाला एक ओघ दिलेला होता, आणि त्या ओघात लिफाफ्यालाही हळदीकुंकू लागलं. तिने बोट उचललं तेव्हा तिला कळलं.

कुंकू कोरडं होतं, ते झटकून गेलं. हळद ओली होती. शिक्क्याला लागूनच, बोटभर पिवळी.

साबण लावला असता तर ती लाल झाली असती, एवढं सरोजिनीला ठाऊक होतं. आणि हळदीचा डाग उन्हात जातो, हेही ठाऊक होतं. ते कुठल्याच बाईला शिकवावं लागत नाही. लग्नातल्या किती साड्या तिने अशा वाचवल्या होत्या. तिने लिफाफा गच्चीवर काचेखाली ठेवला. दसऱ्यानंतरचं अमरावतीचं ऊन, ते काय मागे हटतं? रोज दुपारी जाऊन ती बघायची. पिवळा रंग उतरत होता. ती त्या पिवळ्याकडेच बघत राहिली, आजारी पोराचा ताप बघावा तशी. हळद पूर्ण गेली त्या दुपारी तिने सुस्कारा सोडला, लिफाफा उचलला, आणि मग जांभळ्याकडे पाहिलं.

जांभळं काही उरलं नव्हतं. भिंगातून पाहिलं तर कागदावर नुसती एक लंबगोल शंका.

जांभळी शाई उन्हाला टिकत नाही, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. खाली पेन्सिलीने रेघही मारलेली होती.

वकीलसाहेबांना तिने रात्रीच्या जेवणाआधीच सांगितलं. ते म्हणाले, "सांगून टाक." थोड्या वेळाने वकिलाला शोभेल असं म्हणाले, "अर्थात, कुणी विचारल्याशिवाय आपण होऊन पुरावा द्यावा असं काही नाही."

ती सांगणारच होती. नत्थुजींचा फोन आला तेव्हा ती तोंड उघडत होती, तेवढ्यात ते म्हणाले, "लावलं का पान, वकिलीनबाई? शिक्का कसा दिसून राह्यला?" आणि सरोजिनी म्हणाली, "छान दिसतोय." ते तोंडातून गेलं आणि त्याच्या मागोमाग मनात एक वाक्य आलं. त्यांना दिसणार थोडंच आहे.

सरोजिनीला आयुष्यात पुष्कळ गोष्टींची लाज वाटून गेली होती. बी.ए. अर्धवट सोडल्याची, नणंदेच्या लग्नात जिलबी कमी पडल्याची. पण त्या लाजा लोकांसमोरच्या होत्या. हे वाक्य एकटीत आलं होतं, आणि तेव्हापासून ती आरशात केस विंचरताना भांगाकडेच बघायची, खाली डोळ्यांपर्यंत येत नसे.

"मूर्तिजापूर आलं का?" पुढच्या सीटवरून नत्थुजींनी विचारलं. मूर्तिजापूरची पाटी त्यांच्याच काचेसमोरून गेली होती.

"आलंच," वकीलसाहेब म्हणाले.

मनकर्णाबाईंनी सरोजिनीकडे पाहिलं. सरोजिनीने पर्समधून बडीशेप काढून त्यांच्यापुढे धरली. दुसरं काय करणार.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची माळ स्टेजवर तशीच होती आणि तिच्याखाली सहदेव सरांनी टपालाच्या चौकटी ओळीने उभ्या केल्या होत्या. सर पुढे आले, नत्थुजींच्या पाया पडले. मनकर्णाबाई नवऱ्याच्या कोपराला धरून चालत होत्या आणि ओठ न हलवता "पायरी", "सतरंजी", "खुर्ची" असं म्हणत होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई जप करते आहे.

सहदेव सरांनी चौकटीतलं पान पाहिलं. खाली सरोजिनीने शिक्का उडण्याआधीच छापून घेतलेली चिठ्ठी होती: 'धावत्या टपालडब्याचा लंबगोल शिक्का, जांभळी शाई, अत्यंत स्पष्ट.' सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी नत्थुजींकडे पाहिलं.

"वा," ते म्हणाले.

सरोजिनीला तेव्हाच कळायला हवं होतं, काय होणार आहे ते. सरांना वाटलं, शिक्का उडालाय हे नत्थुजींना कळलेलंच नाही. म्हातारपणी कशाला सांगा. आणि सरांनी 'वा' म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद.

नत्थुजी चौकटीपाशी उभे राहिले ते हलेनात. येणाऱ्या प्रत्येकाला ते वरात सांगत होते. आणि बोट, ते बोट काचेवर नेमकं त्या जागी जाऊन टेकत होतं जिथे काही नव्हतं. "हे पाहा. गाडी चालूच हाय, खालून डबा हलून राह्यला, आन त्यानं हा ठोकला. तरी रेघ कोठी फाटली नाही. पाह्यलं का?"

"हो, काका," जुईली म्हणून एक कॉलेजची मुलगी वाकून म्हणाली. "किती छान रंग आहे."

"जरासा फिक्का असन."

"नाही नाही, चांगला गडद आहे."

मागच्या एका बँकवाल्या गृहस्थाने तर शिक्क्यातलं अक्षरही वाचल्यासारखं केलं. चिठ्ठी वाचता येत होती ना. सरोजिनी दोन चौकटी पलीकडे उभी राहून हे ऐकत होती. तिचं एकटीचं खोटं आता सगळ्या कार्यालयात प्रसादासारखं वाटलं जात होतं, आणि भली भली माणसं ते कपाळाला लावून घेत होती. त्यांनी ते दयेपोटी घेतलं होतं. तिने भीतीपोटी दिलं होतं. फरक कुणालाच कळणार नव्हता, हीच त्यातली शरमेची गोष्ट.

वकीलसाहेब जवळ आले. "आता बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "आता बोललीस तर हे सगळे खोटे पडतील."

नागपूरहून आलेले परीक्षक भिंग घेऊन आले. त्यांनी लिफाफ्यावर भिंग धरलं, चिठ्ठीवर धरलं, पुन्हा लिफाफ्यावर. मग मान वर करून थेट सरोजिनीकडे पाहिलं. चिठ्ठीखाली तिचं नाव होतं. तिने मान खाली घातली. परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं.

"दुर्मीळ वस्तू आहे, नत्थुजी," ते म्हणाले आणि पुढच्या चौकटीकडे गेले.

नत्थुजींचा चेहरा उजळला. ते वळून, जिथे सरोजिनी मघाशी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "ऐकलं का, वकिलीनबाई? परीक्षकालेही पटलं. तुमच्या हातचं पान हाय म्हनून. मी किशोरले म्हनलंच होतं, माह्या डोळ्याईपेक्षा त्या बाईचे डोळे पक्के हायत."

सरोजिनी पुढे झाली. "नत्थुजी," ती म्हणाली. आजूबाजूला माणसं होती. सहदेव सर मान हलवून नको नको म्हणत होते. जुईलीने तिचा हात धरला.

"बोला ना."

"चहा आणू तुम्हाला?"

"चहा होईन." त्यांनी हाताने चाचपत मनकर्णाबाईंचा दंड शोधला. "तू पाह्य एकदा. चाळीस वर्ष झाले, घरात लिफाफे हायत, तू एक नाही पाह्यला. आज पाह्य. सारे पाहून राह्यले. मले सांग कसा दिसते."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं काय हाय? रंग त दिसते न."

मनकर्णाबाईंनी कमरेची चष्म्याची डबी काढली. चष्मा लावला, पदराने काच पुसली, आपली नाही, चौकटीची. मग वाकल्या. त्या किती वेळ वाकून होत्या कुणास ठाऊक. सरोजिनीला वाटलं, त्याही हो म्हणतील. जी बाई नवऱ्याला पायरी पायरी सांगून सांभाळत आली ती ही एक पायरीही सांभाळून घेईल. आणि तसं झालं तर आपण सुटू, असंही तिला वाटलं, आणि तसं वाटल्याबरोबर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मनकर्णाबाई सरळ झाल्या. त्यांनी आधी सरोजिनीकडे पाहिलं. रागाने नाही. भाजी निवडताना किडकी निघाली की बाजूला ठेवताना पाहावं तसं. मग नवऱ्याचं बोट धरून काचेवरून खाली आणलं.

"तिथं काही नाही," त्या म्हणाल्या. "कोरा कागद हाय. आन तुमाले दिसत नाही, हे या साऱ्याईले मालूम हाय, म्हनून सारे हो हो करून राह्यले."