मास्तरांचं पुढचं शीड

मास्तरांनी भर कँटीनमध्ये, सगळ्या होडीवाल्यांसमोर, माझं शीड वाईट आहे म्हटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी शिडं शिवतेय. या धक्क्यावरच्या निम्म्या होड्या माझ्या शिवणीवर चालतात. आणि हे गृहस्थ निवृत्त झाल्यावर होडी घेतात, पुस्तकं वाचून शिडं ओढायला शिकतात आणि मला अक्कल शिकवतात.

बरं, बोलले तेही वर्गात बोलावं तसं, आवाज न चढवता. "पुढचं शीड वरून छान भरतं, खालून फडफडतं. महिनाभर सगळं करून पाहिलं. तुम्ही एकदा होडीवर या. माझा हात वाईट असेल तर तसं सांगा, मी होडी विकून टाकतो. तुमचा शब्द मला मान्य."

यात चिडण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. सगळंच होतं. शीड लावता येत नाही आणि दोष कापडाला, हे मी जन्मभर ऐकत आलेय. एक जण ते इतकं ढिलं सोडतो की वाळत घातलेली चादर बरी. दुसरा इतकं ताणतो की होडी आडवी होते. शेवटी दोघेही माझ्या दारात. मास्तर ताणणाऱ्यांतले, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. "मास्तर शिडाला इस्त्री करतात," असं मीच पंधरा दिवसांपूर्वी इथे म्हटलं होतं, आणि तेव्हापासून सगळा धक्का त्यांना इस्त्रीमास्तर म्हणत होता.

शीड निवडताना मात्र त्यांनी डोकं वापरलं होतं. कँटीनमधले शहाणे सांगत होते, मोठं घ्या, होडी पळेल. मास्तर म्हणाले, "मी एकटा असतो. मला एकट्याला आवरेल एवढंच द्या." तेवढं श्रेय मी त्यांना देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या होडीवर गेले आणि मुद्दाम पाहुण्यासारखी मागे बसून राहिले. वारा बेताचा होता. शिडाच्या पुढच्या कडेला मी लोकरीचे धागे चिकटवून देते, खाली, मध्ये आणि वर. शीड नीट लागलं की तिन्ही धागे सरळ मागे वाहतात. मास्तरांनी आधी दोर सैल सोडला, मग धाग्यांवर नजर ठेवून थोडाथोडा आत घेतला. घाई नाही, हिसका नाही. इस्त्री तर नाहीच नाही. वरचे दोन धागे सरळ झाले. खालचा नाचत राहिला.

"दोराची कडी मागे सरकवा," मी म्हटलं. कडी मागे गेली की शिडाची खालची बाजू ताणली जाते, हे इथल्या पोरासोरांना कळतं.

"सरकवली," मास्तर म्हणाले. "शेवटपर्यंत."

मी उठून बघितलं. ही कडी डेकवरच्या रुळावर पुढेमागे सरकते. ती रुळाच्या शेवटाला टेकली होती. मी दोर स्वतःच्या हातात घेतला, ओढला, सोडला, पुन्हा ओढला. खालचा धागा मलाही जुमानेना. या बनावटीच्या होड्यांना रूळ याहून दीड वीत लांब असतो, आणि शीड त्या लांब रुळाच्या हिशेबाने कापलेलं होतं. आधीच्या मालकाने बसायची जागा वाढवताना तो कापला होता, आणि काप ढळढळीत दिसत होता. मापं घ्यायला आलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात दिसावा असा.

मापं घ्यायला माझा दादा आला होता.

"काय वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हटलं. त्यांनी होडी धक्क्याकडे वळवली.

आमची कामाची खोली वरच्या मजल्यावर आहे. शीड अंथरता यावं म्हणून तिथे एक खुर्चीसुद्धा नाही, शिलाई मशीनही फळ्या कापून जमिनीच्या पातळीला बसवलंय. दादा गुडघ्यांवर रांगत कापडावर खडूने रेघा मारत होता.

"दादा, मास्तरांच्या होडीवर तू गेला होतास ना?"

"एकाच साच्यातल्या होड्या गं त्या. गेल्या वर्षी तसलीच एक केली होती, मापं होती वहीत. पुन्हा कशाला जायचं?"

"मला म्हणालास, मापून आलो."

"तू चिडली असतीस म्हणून." त्याने खडू खाली ठेवला. "हे बघ, मास्तर तुझा शब्द मानणार आहेत ना? मग हात वाईट म्हण आणि विषय संपव. नाहीतरी या वयात कशाला हवी होडी? एकदा आपल्या नावाला बट्टा लागला की संपलंच."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या आईने ऐकलं असतं तर माझंच तोंड धुवून काढलं असतं. पण खरं सांगायचं तर ओरडताना मला बरं वाटत होतं. मला पाण्यावरच सगळं कळलं होतं आणि तरी मी "उद्या सांगते" म्हटलं होतं, तेही याच नावासाठी. ओरडत होते तोवर ते आठवत नव्हतं.

सकाळी कँटीन भरलेलं होतं. मास्तर कोपऱ्यात बसले होते. मी उभ्या उभ्याच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शीड वाईट आहे. आम्ही होडी न मापता शिवलं. मास्तरांचा हात चांगला आहे, इथल्या पुष्कळांपेक्षा चांगला. आणि त्यांना नाव मीच ठेवलं होतं, तेही चुकलं. नवीन शीड शिवून देते."

मला वाटलं, मास्तर खूश होतील. त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे तुम्हाला काल होडीवरच कळलं होतं?"

"हो."

"मग तिथेच का नाही बोललात?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं, बाईंना तोंडावर सांगवत नाही. उतरल्या उतरल्या मी होडी या मेकॅनिकला विकून टाकली. शब्द देऊन बसलोय. महिनाभर मी माझ्याच हातांना शिव्या घालत होतो, बाई."

धक्क्यावरची इंजिनं दुरुस्त करणारा मेकॅनिक शेजारच्याच टेबलावर होता. मी त्याच्याकडे वळले, चांगली हजेरी घ्यायच्या तयारीने. "मला काय ठाऊक," तो पडेल आवाजात म्हणाला. "घरी सांगून झालंय. पोरं कालपासून होडीचं नाव ठरवतायत." त्याचं काही चुकलं नव्हतं.

मास्तर उठले. "नव्या मालकाला तरी नीट शीड द्या. टेप आणलीय?"

आम्ही दोघेच होडीवर गेलो. त्यांनी टेपचं एक टोक रुळाच्या शेवटाला धरलं, मी दुसरं होडीच्या पुढच्या टोकाला नेलं. मी वाचायच्या आत त्यांनी आकडा सांगितला. बरोबर होता.

"पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून आणला होता," ते म्हणाले. "तुमचे दादा म्हणाले, राहू द्या, आमच्याकडे आहे."

मी आकडा लिहून घेतला.