कामाचा आवाज

"आई उठत नाहीये," फोनवरचा मुलगा पुन्हा म्हणाला. "मी तोंडावर पाणीपण मारलं."

"शहाणा आहेस तू. आता सांग, तुझं घर कुठंय?"

"इथंच."

ॲम्ब्युलन्स बोलावण्यासाठी लोक जिथं फोन करतात, तिथं ती फोन घेण्याचं काम करायची. पलीकडची माणसं ओरडायची, रडायची, शिव्या हासडायची. तिचा आवाज मात्र तसूभर हलायचा नाही. संथ, सपाट, इस्त्री केल्यासारखा. नवीन लागलेल्या मुलींना साहेब मुद्दाम तिचे फोन ऐकायला बसवत.

"बरं, आपण एक खेळ खेळू. खिडकीतून काय काय दिसतं ते सांग, मी घर ओळखते."

"झाड."

"आणखी?"

"मोठ्ठं चाक. दुकानावर टांगलंय."

शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरशी बोलत होते. शाळेतली नोकरी सोडून ते इथं आले होते, म्हणून मास्तर. मुलाचा फोन कुठल्या भागातून येतोय ते कळलं होतं, घर सापडत नव्हतं. तिच्याकडून ऐकून मास्तरांनी टांगलेलं चाक म्हटल्याबरोबर पलीकडून ड्रायव्हर ओरडला, "सायकलवाला! आलं लक्षात!"

"आता दुकानातल्या काकांना हाक मार," ती मुलाला म्हणाली. "येईल तेवढ्या मोठ्यानं. मग त्यांच्यासाठी दार उघडून ठेव."

पोरानं घसा फोडून हाक मारली. मग पावलं वाजली. कुणीतरी धापा टाकत आत आलं, "अरे बापरे" म्हणालं आणि फोन बंद झाला.

समोर पुढच्या फोनचा दिवा लुकलुकत होता. तिनं तो घेतला, त्यानंतरचाही घेतला. पाळी संपल्यावर पर्स उचलता उचलता ती थबकली.

"मास्तर, त्या बाईंचं..."

पुढे काय झालं ते विचारायचं नाही, असा तिथला अलिखित नियम होता. विचारत बसलं तर हे काम होत नाही. मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू घरी जा. कळलं तर करतो फोन."

घरी तिची चार वर्षांची लेक, ठमी, दारातच उभी होती. रोज संध्याकाळी हातपाय धुतले की ती लेकीबरोबर थेट फरशीवर बसायची. कधी दुकान-दुकान, कधी घोडा-घोडा. चहासुद्धा नंतर. "हिला नवरा नसला तरी चालेल, फरशी पाहिजे," असं सासूबाई म्हणायच्या. नवऱ्याच्या कामाची पाळी तिच्या उलटी होती, तेव्हा त्यात थोडं तथ्यही होतं. पण ठमीच्या दुकानातून अदृश्य साबण विकत घेताना डोक्यातले फोन एकेक करून वाजायचे थांबत, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"आज तू पेशंट," ठमी म्हणाली. "झोप."

ती सतरंजीवर आडवी झाली. पाठ टेकताच बरं वाटलं. ठमीनं चमच्यानं इंजेक्शन दिलं, कपाळावर हात ठेवला आणि निकाल दिला, "तू मेलीस."

"लगेच?"

"हो. आता उठायचं नाही. मी हाका मारीन, तरी उठायचं नाही."

तिनं डोळे मिटले. गालावर छोटासा तळवा आला.

"आई, ऊठ ना. आई, ऊठ—"

"बंद कर!" ती ताडकन उठून बसली. "असले खेळ खेळतात? बंद कर म्हणते ना!"

तिनं हिसकावून भिरकावलेला चमचा कपाटावर आदळला. ठमी धावत सुटली. बाथरूमचं दार धाडकन लागलं आणि आतून कडी सरकली.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, आत कढत पाणी काढून ठेवलंय मी. बादलीभर. चादरी भिजवायला."

आत काहीतरी खडखडत पडलं.

"आई! कडी निघत नाहीये!"

सासूबाई दाराला खांदा लावायला निघाल्या. तिनं त्यांना मागं ओढलं. "आई, थांबा. दार आत उघडतं. तिला धक्का बसला तर ती बादलीतच जाईल."

ती दाराशी उकिडवी बसली.

"घाबरू नकोस. मी सांगते तसं कर. आधी बादलीपासून लांब हो. भिंतीला पाठ लाव."

"नको!"

"ठमी, शांत हो. माझं नीट ऐक."

"तू आई नाहीस! तू फोनवाली बाई आहेस! मला आई पाहिजे!"

तो कामाचा आवाज तिनं ठरवून लावला नव्हता, आपोआपच लागला होता. आता दुसरा शोधायला गेली तर घशातून काही फुटेना. आत ठमी दारावर थडाथडा हात मारत होती. बादली नेमकी किती जवळ होती, देव जाणे.

"अगं, बोल ना काहीतरी!" सासूबाई म्हणाल्या.

"ठमे..." तिचा आवाज चिरकला. "ठमे, मला भीती वाटतेय गं. मी ओरडायला नको होतं. मला तुझ्याजवळ यायचंय."

दारावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडू लागली. आतले हात थांबले.

"तू रडतेयस?"

"हो."

"रडू नको. मी आहे ना. कडी कशी काढू?"

"मी दार बाहेरून ओढून धरते. तू दोन्ही हातांनी कडी सरकव. हळू. मागे जाऊ नकोस हां."

तिनं सगळा जीव एकवटून दार ओढून धरलं. कडी एकदा अडली, दोनदा अडली, मग खट्कन निघाली.

बादली हातभर अंतरावर वाफाळत होती. खडखडत पडलेला प्लास्टिकचा मग बादलीच्या बुडाशी लोळत होता. तिनं ठमीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं, की पोरगी "दुखतंय" म्हणाली. सासूबाईंनी मुकाट्यानं बादली बाहेर आणली. "माझीच अक्कल गहाण पडली होती," एवढंच त्या पुटपुटल्या.

बऱ्याच वेळानं सतरंजीवर बसून ठमीनं तिच्याकडे अंदाज घेत पाहिलं.

"आता मी पेशंट होऊ? पण मी मरत नाही. मला नुसता खोकला आहे."

"चालेल. झोपा पेशंट."

तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. ती बसल्या जागीच बोलली.

"सांगू का?" मास्तर म्हणाले.

"सांगा."

"बाई गेल्या. गाडी पोचली तेव्हाच काही उरलं नव्हतं. पोरगं सायकलवाल्याच्या घरी आहे. त्याच्या बायकोनं जवळ घेतलंय. थोडं जेवलं म्हणे."

"बरं."

"तू ठीक आहेस ना?"

"हो. ठेवते मास्तर."

ठमी सतरंजीवर ताटकळली होती. तिनं खोटाच मोठा खोकला काढला. "डॉक्टर, किती उशीर!"

ती वाकली आणि तिनं ठमीच्या छातीला कान लावला. आसवांनी भिजलेला फ्रॉक अजून ओलसर होता. खाली धडधड चालली होती, भरभर, पळून आल्यासारखी.

"झालं?" ठमीनं विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून ऐकतेय."