तिसरा आग्रह

फरंगीसने सोललेली काकडी ताटलीत तशीच ठेवली आणि उठण्यासाठी सोफ्यावर हात टेकले. कमरेचा पट्टा बरगडीत रुतला. नवरोजचा, इराणी नववर्षाचा, तिसरा दिवस. सकाळपासूनचं हे पाचवं घर, तेही थोरल्या नणंदेचं. प्रत्येक घरी वीस मिनिटं ताठ बसायचं, चहा, पिस्ते, मिठाई, मग निरोप. पाठदुखीमुळे एखादं घर गाळलं, तर वर्षभर काशान शहरभर तेच ऐकावं लागलं असतं. अजून दोन घरं बाकी होती.

नणंद तुरान खानूमही उठल्या. उंच टाचांचे बूट, केस न् केस जागच्या जागी.

"निघालीस? जेवून जा."

"छे हो, तुम्हाला कशाला त्रास!"

"त्रास कसला? तुझंच घर आहे. बस."

"नको, घरी सगळं करून ठेवलंय."

घरी काही केलेलं नव्हतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. तीनदा आग्रह, तीनदा नकार, की सुटका. आता एकच उरला होता.

"माझ्या गळ्याची शपथ, फरंगीस जान. दोन घास तरी."

नेमकी तेव्हाच पाठीत कळ आली.

"बरं, राहते," फरंगीस बोलून गेली.

फरंगीसचे कान तापले. बोललेलं मागे कसं घ्यायचं, याची रीत तिला कुणी शिकवली नव्हती.

"खरंच राहतेस?"

"पाठ फार दुखतेय हो. जरा आडवं व्हायला मिळालं तर..."

"घरात काही शिजवलेलं नाही." तुरान खानूम खाली बसल्या, एकेक बूट ओढून काढला आणि लाल झालेली बोटं चोळू लागल्या. "तीस वर्षं प्रत्येकाला विचारतेय. आजवर एकानं हो म्हटलं असेल तर शपथ! ऊठ, स्वयंपाकघरात चल. आणि तो पट्टा काढ आधी, मेली चिलखतासारखा आवळून बसलीयेस!"

त्यांनी जमिनीवर उशी टाकली. सणाच्या भाताचं पातेलं काढलं आणि तळाची कडक खरवड उलथन्याने खणून दोघींत वाटली. पाहुणीला शिळं वाढताना त्यांचा हात जरासाही अडखळला नाही.

"कुणाला सांगितलंस तर बघ."

फरंगीस कुशीवर पडल्या पडल्या हसली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"तुरान खानूम! नवरोज मुबारक!" चुलतजाऊ शुकूहचा आवाज. पाठोपाठ तिच्या चार पोरांचा गलका.

फरंगीस पट्टा शोधू लागली. तुरान खानूमनी तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. दोघींच्याही तोंडात खरवड होती. चावली असती, तर बाहेर ऐकू गेलं असतं.

घंटा पुन्हा वाजली. दोघी गाल फुगवून एकमेकींकडे बघत राहिल्या. तुरान खानूमच्या डोळ्यांत पाणी आलं; हसू दाबल्याचं.

पावलं जिना उतरली. खालचं फाटक वाजलं.

मग दोघींनी एकदमच तोंडातली खरवड कडकन चावली.