गरम बॉनेट

सेकंड-हँड गाडी बघायला गेलात की मालकाशी गप्पा मारण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर सरळ घरी परत या. थंडीत अडून बसणारं इंजिन विकणारा माणूस तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. आमच्या मिनेसोटातल्या या गावात निम्म्या लोकांनी माझ्या याच सल्ल्यावर गाड्या घेतल्यात.

या हिवाळ्यात माझ्यावरच वेळ आली. माझ्या जुन्या पिकअपने कायमची मान टाकली, आणि आर्लिस ट्वाइट नवऱ्याची गाडी विकतेय असं चर्चमध्ये कळलं. तिचा नवरा व्हर्लिन बर्फ पडायच्या आधीच वारला होता. त्याने ती गाडी पोटच्या पोरीसारखी जपली होती. तेल वेळेवर बदलायचा, रस्त्यावर मीठ टाकलं की गंज धरू नये म्हणून खालून धुवायचा. डोळे झाकून घ्यावी अशी गाडी.

आर्लिसच्या गॅरेजपुढचा बर्फ कोणी तुडवलेला नव्हता. आम्ही दोघींनी तो फावड्याने उपसला, दार वर केलं आणि मी बॉनेटवर हात ठेवला.

गरम.

"आर्लिस, मला शेंडी लावतेस?"

"उघडून तर बघ."

उघडलं. बॅटरीच्या दोन्ही तारा सुटलेल्या होत्या. इंजिन तापवायची वायर खुंटीला गुंडाळलेली, तिच्यावर कोळ्याचं जाळं.

"रोज सकाळी अशीच असते गं," आर्लिस म्हणाली. "मला बाहेर जायचं असलं की तो आधी उठून गाडी गरम करून ठेवायचा. जन्मभर. आता मी कुठे जाणार, लव्हॉन? तोच बोलावतोय. मला अजून जायचं नाहीये. तू घेऊन जा ही."

मी घेतली नाही. नियम तो नियम. पण हात काही काढवेना. माझा नील्स जाऊन बरीच वर्षं झाली. तो होता तेव्हा थंडीत गाडीच्या काचेवरचा बर्फ मी खरवडायची आणि तो पांघरुणातून विचारायचा, "कॉफी टाकलीस का?" मला आर्लिसचा हेवा वाटला.

"नशीबवान आहेस," मी म्हटलं. "आमच्या नील्सने एकदा तरी माझी गाडी गरम करून ठेवायची होती."

"असं बोलू नकोस बाई," ती घाबरून म्हणाली. "ऐकू जातं त्यांना."

आज सकाळी दार उघडलं. ताजा बर्फ पडलेला, अंगणात कोणाचं पाऊल नाही. बंद पिकअपच्या टपावर बर्फाचा थर तसाच होता, बॉनेट मात्र ओलं. समोरची काच अर्धीच खरवडलेली, तीही धड नाही.

हात ठेवायची गरज नव्हती, तरी ठेवला. भीती वाटायला हवी होती. मला आनंदाने रडू आलं, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. घरात पळत आले, कडी लावली, काहीही झालं तरी बाहेर जायचं नाही असं ठरवलं. मग लक्षात आलं की अंगात कोट आहे आणि मी बूट चढवतेय.

बाहेर हॉर्न वाजला. नील्सला वाट बघायची सवय कधीच नव्हती.