सतरंजीचं दुसरं टोक

मी सतरंजी आहे, मित्रांनो. जुनी, विटलेली, एका कडेला उंदरांनी कुरतडलेली. चर्चच्या मागच्या खोलीत मोडक्या बाकाखाली माझी वळकटी पडून असते. माझी कहाणी ऐकायला बसणार असाल तर आधीच सांगते, ती गोड नाही. गोड बोलणारी माणसं मी जन्मभर अंगावर बसवून घेतली. त्यांचं ऐकून ऐकून माझं तोंड कडू झालंय.

माझा जन्म तुरुंगातला. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मुंजाबा नावाच्या एका कैद्यानं मला मागावर विणलं. निळा पट्टा, तांबडा पट्टा, पुन्हा निळा. लोखंडी पंजानं एकेक धागा ठोकून बसवायचा आणि माझ्याशीच बोलायचा, "घट्ट बस बाई. लोक लई तुडवनार हायेत तुला." त्यानं कोणता गुन्हा केला होता, देव जाणे. विणकाम मात्र त्यानं इमानानं केलं. आणि खरं सांगू? तुडवलं गेल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. त्यासाठीच तर मी जन्मले. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

शहागंजातल्या दुकानातून इथल्या ख्रिस्ती मंडळीनं मला आणलं. काय तो थाट! मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब; त्यांनी माझ्यासाठी सुद्धा दोन शब्द प्रार्थना केली. पोरं माझ्यावर लोळली. चपला घालून कुणी पाय ठेवला तर बायका ओरडायच्या. चाळीस माणसं मांडीला मांडी लावून बसली तरी मी पुरायचे.

माझं काम शुक्रवारचं. दर शुक्रवारी संध्याकाळी मंडळीतल्या एका घरी प्रार्थना असायची. तिला घरसभा म्हणत. एका आठवड्याला एक घर, असा प्रत्येकाचा नंबर लागायचा. ज्याचा नंबर, त्याच्या घरी सगळे जमायचे, चहा व्हायचा, पाळकसाहेब त्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडं मागणं मागायचे. फार मोठा मान वाटायचा लोकांना. घरच्या बाईचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा असायचा. चाळीस माणसांना पुरतील इतक्या खुर्च्या कुणाच्याच घरात नव्हत्या, म्हणून मी घरोघर जायचे.

मला वाहून नेणारा होता सांडूबाबा, चर्चचा शिपाई. एका रविवारी त्याची कंबर धरली ती सुटलीच नाही. पाळकसाहेबांनी उपासना संपताना विचारलं, "शुक्रवारची सतरंजी कोण नेईल?" मित्रांनो, तेव्हा मी पुढंच अंथरलेली होते. मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कुणी छताकडं बघत होतं, कुणी उगाच पोराचं नाक पुसत होतं. मंडळीचे चिटणीस काकासाहेब चष्मा पुसत राहिले.

मागून आवाज आला, "मी नेते की."

ती वच्छलाबाई. बिडकीनकडची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच तापानं गेलेला, मूलबाळ नाही. एका शाळेत झाडलोट करायची. उस्मानपुऱ्याच्या पलीकडं नाल्याच्या काठाला तिची एक खोली होती, वर पत्रा. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण "कोण करील?" असं कुणी विचारलं, की तिच्या तोंडून "मी" निघालेलंच असायचं. विचार करायला ती थांबायचीच नाही.

त्या दिवसापासून सव्वीस वर्षं तिनं मला डोक्यावर वाहिलं. आधी जाऊन जागा झाडायची, मला अंथरायची. सभा संपली की लोक चहाच्या कपाबरोबर गप्पा हातात घेऊन अंगणात जायचे आणि ही एकटी मला घडी करत बसायची. आता तुम्ही कधी मोठी सतरंजी घडी केली असेल तर तुम्हाला माहीत आहे, ते एकट्याचं काम नव्हे. दोन टोकांना दोन माणसं लागतात. वच्छलाबाई माझं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायची, दुसरं ओढत आणायची, हनुवटीखाली धरायची, मग वाकून तिसरी घडी. धूळ सगळी तिच्या नाकातोंडात. खोकत खोकत ती मला बांधायची. सव्वीस वर्षांत, मित्रांनो, मंडळीतल्या एकाही भल्या माणसाच्या मनात आलं नाही की पलीकडचं टोक आपण उचलावं.

आणि ती मला घरोघर पोचवायची खरी, पण तिच्या स्वतःच्या घरी मी कधीच गेले नव्हते.

नंबर काकासाहेब लावायचे. वच्छलाबाईचं नाव जवळ आलं की काहीतरी निघायचंच. "तुमची खोली लहान आहे हो." "नाल्याला पाणी आहे." "शेजारी शेळ्या बांधतात, वास येतो." शेळ्या होत्या, खोटं नाही. शेजारची राजाबाई धनगराची, तिच्या सहा-सात शेळ्या दारातच असायच्या. पण ह्याच काकासाहेबांच्या घरी म्हैस होती आणि तिच्या शेणाच्या वासात आम्ही दरवर्षी दोनदा प्रार्थना करत होतो. त्या वासाला मात्र कुणी नाक मुरडलं नाही.

वच्छलाबाई कुणाशी भांडली नाही. पण वाटेनं मला डोक्यावर घेऊन जाताना ती माझ्याशी बोलायची.

"माझ्या घरी कवा गं येशील तू?" ती म्हणायची. "मला काय बी नको. मरायच्या आधी एक डाव मंडळी माझ्या उंबऱ्याच्या आत बसावी. पाळकसायबानं माझ्या मालकाचं नाव घेऊन प्रार्थना करावी. त्याच्या पाठीमागं त्याचं नाव घ्यायला कोनच नाय बघ."

एवढीच तिची इच्छा होती.

मग नवीन पाळक आले, तरुण. त्यांनी नंबरांची वही उघडली आणि भर उपासनेत विचारलं, "वच्छलाबाईंकडं घरसभा कधीच झाली नाही का?" काकासाहेबांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. पाळक म्हणाले, "मग येत्या पंधरवड्याचा शुक्रवार त्यांचा."

त्या दिवशी मला घडी करताना तिची तीनदा घडी मोडली.

ती पंधरवडाभर हवेतच होती. खोलीला चुना दिला, जमीन सारवली. मला नळावर नेऊन धुतलं. ओली सतरंजी किती जड होते, तुम्हाला कल्पना नाही. साठीला टेकलेली बाई, धापा टाकत होती. राजाबाईनं तिच्याबरोबर वस्तीत फिरून चाळीस कप मागून आणले. म्हणाली, "तुमची देवाची मानसं येनार, तर शेळ्या मी नाल्याच्या पल्याड बांधते. दूध बी माझंच घ्या. पर शेळीचं चालतंय का तुमच्या लोकांना?"

"चालतंय गं. का नाय चालनार?" वच्छलाबाई म्हणाली. पण मला वाटतं, आतून तिला धास्ती होतीच.

मधल्या रविवारी ती उपासनेला गेली नाही. मंडळीतली आवडाबाई अंथरुणाला खिळली होती, तिला पेज भरवायला दुसरं कुणी नव्हतं. आणि नेमकं त्याच रविवारी चर्चमध्ये जाहीर झालं, की शुक्रवारी मैदानावर मोठी सभा आहे. बाहेरगावचे नामांकित प्रचारक येणार आहेत. विषय, देवाच्या सेवेसाठी तयार असणं. म्हणून त्या दिवशीची घरसभा रद्द, सर्वांनी मैदानावर यावं. काकासाहेबांना वाटलं, पाळक तिला कळवतील. पाळकांना वाटलं, चिटणीस कळवतील. बाकीच्यांना काहीच वाटलं नाही. हे सगळं मला नंतर चर्चच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायला मिळालं. शुक्रवारी मी कुठं होते? मी वच्छलाबाईच्या सारवलेल्या जमिनीवर, स्वच्छ धुतलेली, अंग ताठ करून मंडळीची वाट बघत होते.

सहाची वेळ होती. साडेसहा झाले. चुलीवर चहाचं पातेलं दोनदा उकळून झालं. वच्छलाबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून दारात उभी.

"येतील," ती म्हणाली. "लांब हाय ना."

राजाबाईनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

सातच्या सुमारास वारा फिरला आणि मैदानावरच्या लाऊडस्पीकरचा आवाज आला. आधी गाणं आलं. ते गाणारे गळे मी ओळखले. माझ्यावर बसून गाणारे चाळीसच्या चाळीस गळे. वच्छलाबाईनंही ओळखले असणार, कारण तिनं दाराची चौकट धरली. मग प्रचारकांचा आवाज आला, मोठा, घुमणारा. देव आज माणूस शोधतोय, म्हणाले. बोलवेल तिथं जाणारा, सांगेल ते करणारा. असं कोण आहे इथं? जो तयार असेल त्यानं आपल्या जागेवर उभं राहावं!

आणि मित्रांनो, वच्छलाबाई दारातून आत आली, माझ्या मधोमध येऊन उभी राहिली. हात जोडून. रिकाम्या खोलीत, चाळीस कपांसमोर. अंगवळणीच पडलं होतं ना तिच्या! कोण, म्हटलं की मी.

तिचे पाय माझ्यावर होते. दोन थेंब माझ्या निळ्या पट्ट्यावर पडले. तुम्हाला सांगते, मला माझ्या प्रत्येक धाग्याची लाज वाटली. ज्यांच्या मांडीखाली मी इतकी वर्षं पसरले, ते सगळे तिकडं मैदानात छाती पुढं काढून उभे होते. तयार आहेत म्हणे! अरे, कशाला तयार? नाला ओलांडायला तयार नाहीत तुम्ही!

राजाबाईनं दारातून विचारलं, "कुनाला उबं ऱ्हा म्हनतेत वो, बाई?"

"सगळ्यास्नी," वच्छलाबाई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तू ये. बस. च्या निवंल."

राजाबाई माझ्या कडेला अवघडून टेकली. वच्छलाबाईनं डोळे मिटून प्रार्थना केली. आवडाबाईला बरं कर, म्हणाली. पाळकसायबाला सांभाळ, काकासाहेबांच्या लेकीचं बाळंतपण सुखानं होऊ दे. राजाबाईच्या शेळ्यांनाही ती विसरली नाही. नवऱ्याचं नाव, पुंजाराम, सगळ्यांत शेवटी घेतलं, तेही हळूच, ज्यानं ऐकायचं त्यालाच ऐकू जावं असं. मला त्या प्रार्थनेचाही राग आला. मी तिच्या जागी असते तर एकाचंही नाव घेतलं नसतं.

चहा झाला. वच्छलाबाई उठली, माझं एक टोक अंगठ्याखाली दाबायला वाकली. तेवढ्यात दुसरं टोक आपोआप वर उठलं. राजाबाईनं धरलं होतं.

"एकटीनं कसं व्हईल हे?" ती म्हणाली. "धरा तिकडून."

जन्मात पहिल्यांदा मी दोघींच्या हातात होते. सरळ, ताठ, एक सुरकुती नाही.

पुढच्या रविवारी काकासाहेब म्हणाले, "अहो, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं बघा. पुढच्या वेळी नक्की." ती म्हणाली, "राहू द्या." आणि मला डोक्यावर घेऊन पुढच्या शुक्रवारच्या घराकडं गेली. पण वाटेनं माझ्याशी बोलणं तिनं बंद केलं. आणखी चार वर्षं तिनं मला वाहिलं. एक शब्द नाही.

चार वर्षांनी मंडळी तिच्या घरी आली. सगळी आली. कारण ती गेली होती.

त्या दिवशी खोली लहान पडली नाही. नाल्याची आठवण झाली नाही. शेळ्यांचाही वास कुणाला आला नाही. फक्त एक अडचण झाली. सगळे जमले आणि बसायला सतरंजी नव्हती. आणणारीच खोलीत पांढऱ्या चादरीखाली झोपली होती. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. शेवटी राजाबाई म्हणाली, "मी आनते." ती चर्चच्या आत कधी आली नव्हती. विचारत विचारत आली, मला डोक्यावर घेतलं आणि नेऊन अंथरलं.

काकासाहेब माझ्यावर उभे राहून बोलले. "वच्छलाबाई देवाच्या सेवेला सदैव तयार असत. आपण सर्वांनी त्यांच्यासारखं व्हावं." सगळे आमेन म्हणाले. काहींचे डोळे खरंच भरून आले होते, ते मी नाकारत नाही.

दफन करून लोक आपापल्या घरी गेले. मी पसरलेलीच होते. राजाबाईनं माझं एक टोक उचललं, मान वर करून पलीकडं बघितलं. पलीकडं कुणी नव्हतं. मग तिनं ते टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं.

आता सभेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. मला कुणी विचारत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. एक मागणं मात्र आहे. मित्रांनो, तुमच्यातलेही काही पुढं कुठल्यातरी सभेत बसतील. कुणीतरी विचारील, देवाच्या कामाला कोण तयार आहे? खुशाल उभे राहा. पण सभा संपली, लोक पांगले, की चप्पल पायात घालण्याआधी एकदा मागं वळून बघा. तिथं कुणीतरी एकटं वाकलेलं असेल. त्याला काही विचारू नका. जा, आणि दुसरं टोक धरा.